खाटेएवढा वाफा

मंडळी, आज आम्ही परसातल्या भाजीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही शेतकरी माणसं. आम्हांला भाजी लावायला काय शिकवता?" बरोबर आहे. तुम्हांला बाजरी कळते, कांदा कळतो. पण किती घरांच्या मागं मेथीचा वाफा आहे? आपल्या सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात पाऊस थोडा. भाजी घ्यायची ती आठवडे बाजारात. बाजारानंतर दोन दिवस ताटात हिरवं दिसतं. मग डाळ, पिठलं, नाहीतर ठेचा.

आम्हीही असंच खात होतो. मग आमची सून बाळंत झाली. बाळ चांगलं होतं, पण तिच्या अंगात रक्त नव्हतं. उंबरा ओलांडला तरी धाप लागे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, "गोळ्या चुकवू नका. आणि रोज पालेभाजी खायला द्या. वर लिंबू पिळा." लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं. पण रोजची पालेभाजी आणायची कुठून? आम्ही नुकतेच नोकरीतून मोकळे झालो होतो. घरामागं जागा होती. म्हटलं, आपणच लावू.

तीस वर्षं आम्ही मुलांना झाडाचे भाग फळ्यावर काढून दाखवले. मूळ, खोड, पान, फूल. हात मात्र मातीत कधी घातला नाही. मग फजिती झाली. सगळं परस खणून काढलं. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. गोठ्यातलं ताजं शेण आणून पसरलं. मेथी, पालक, वांगी, टोमॅटो, दुधी, सगळं एकाच दिवशी लावलं. तेही मार्च महिन्यात! मेथी उगवली आणि उन्हानं करपली. ताज्या शेणानं वांग्याची रोपं जळाली. हापशावरून पाणी आणता आणता आमची कंबर धरली. मे महिन्यात दुधीला फुलं आली, तीही गळून पडली. सून काही बोलली नाही. पण ती उंबऱ्याशी थांबून श्वास घ्यायची, ते दिसायचं.

एक दिवस शेजारच्या मावशी कुंपणापाशी आल्या. त्या आज इथं पुढंच बसल्या आहेत. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणाल्या, "गुरुजी, पहिलीच्या पोराला एकदम सातवीचं पुस्तक द्याल का हो?"

मग त्यांनी आम्हांला कामाला लावलं. खाटेएवढे दोनच वाफे करायला सांगितले, तेही मोरीजवळ. वाफा केवढा, ते पाण्यावर ठरतं. आमच्या घरात तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी दोन-तीन बादल्या निघे. त्यात भिजेल तेवढाच वाफा. साबणाचं पाणी पालेभाजीवर घालायचं नाही. ते केळीकडं सोडलं.

खत जुनं हवं. काळं आणि भुरभुरीत. मुठीत घेतलं तर शेणाचा वास येता कामा नये. एका वाफ्याला अर्धी पाटी पुरते.

उन्हाळ्यात मेथीचा हट्ट धरू नये. मावशींनी तांदुळजा आणि चवळी लावायला सांगितली. ही ऊन सोसतात. पावसाळ्याच्या तोंडाला कुंपणाशी शेवग्याची फांदी रोवली. शेवग्याच्या पाल्याची भाजी फार गुणाची, पण आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो. दसऱ्यानंतर मग मेथी, पालक, कोथिंबीर. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. धने रगडून, दोन डाळी करून पेरायचे. ते आठ-दहा दिवस घेतात. आम्ही पाचव्या दिवशीच माती उकरून पाहिली आणि बोलणी खाल्ली.

आणखी एक. सगळा वाफा एकदम पेरू नका. चार भाग करा. आठवड्याला एक भाग पेरा. मेथी महिन्याभरात काढायला येते. पहिला भाग उपटला की तिथं पुन्हा पेरा. पालक उपटू नका, वरून कापा. तो पुन्हा फुटतो.

आता आमच्या दुधीचं सांगतो. ती फुलं रोगानं गळत नव्हती. दुधीला नर आणि मादी अशी दोन तऱ्हेची फुलं येतात. मादी फुलाच्या मागं इवलासा दुधी असतो. नराच्या मागं नुसता देठ. आधी नर फुलं येतात, ती गळणारच. पण नराचे पराग मादीपर्यंत पोचले नाहीत, तर तो इवला दुधीही पिवळा पडतो आणि गळतो. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. दिवेलागणीला एक नर फूल तोडा. पाकळ्या काढून टाका. मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. दुसऱ्या साली आम्ही असे सात दुधी धरवले. हे सगळं आम्ही फळ्यावर शिकवलं होतं बरं का! वेलावर ओळखता आलं नाही.

दुधी कापला की आधी बारीक फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंकून टाका, आणि सगळा दुधी फेकून द्या. कडू दुधीनं विषबाधा होते. शिजवूनही ते विष जात नाही. इथं काटकसर करू नका.

पानामागं मावा दिसला तर 50 ग्रॅम सुकी निंबोळी कुटून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. गाळून संध्याकाळी फवारा. फवाऱ्याचा पंप नसेल तर केरसुणीनं शिंपडलं तरी चालतं.

सुनेनं गोळ्या पुऱ्या घेतल्या. भाजीही खाल्ली. गोळ्यांचा गुण किती आणि भाजीचा किती, यावर आम्ही वाद घालत नाही. पुढच्या जत्रेला ती पोराला कडेवर घेऊन टेकडी चढली. वाटेत बसावं लागलं ते आम्हांलाच.

मावशींकडं बियांच्या पोटल्या होत्या. पण कोणतं बी कोणत्या सालचं, ते कळत नसे. कांद्याचं बी वर्षभरात जुनं होतं. एका साली असंच जुनं बी पेरलं आणि त्यांचा वाफा रिकामा राहिला. त्यानंतरच त्या या वर्गात आल्या.

बाहेर ओट्यावर मेथीच्या आणि धन्यांच्या पुड्या ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा. पुडीवर भाजीचं नाव आणि साल मावशींनी लिहिलं आहे. 'मेथी'तला 'थ' थोडा वाकडा झाला आहे, पण वाचता येतो.