हिरड्यांवरचा प्रकाश-उपचार : आधी काय, मग काय

(मंडळीच्या भगिनी-मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मागच्या दंत-शिबिरासाठी तुम्ही जी मदत केली, तिच्याबद्दल प्रथम आभार मानते. त्यानंतर आपल्याच एका दात्या कुटुंबाचा फोन आला. त्यांच्या मुलाने शहरात पायरियावर उपचार घेतले होते. दंतवैद्यांनी दात साफ केल्यावर हिरडीत निळा रंग सोडला आणि वर तांबडा उजेड दिला. ते म्हणाले, "ताई, हे यंत्र आपल्या पाड्यावरच्या लोकांना का मिळू नये? आम्ही पैसे देतो." त्यांच्या बोलण्यात माया होती आणि घाई होती. मी लगेच हो म्हटले नाही. का म्हटले नाही, हेच आज सांगायला उभी आहे.

मी डॉक्टर नाही. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केला आणि पुढे समाजकार्यात आले. आज जे सांगणार आहे ते शिबिराला येणाऱ्या दंतवैद्यांना पुन्हा पुन्हा विचारून आणि वाचून समजून घेतलेले आहे.

पायरिया म्हणजे काय, ते आधी पाहू. दातावर रोज एक चिकट थर बसतो. त्यात जंतू असतात. तो वेळेवर निघाला नाही तर त्याचे दगडासारखे किटण होते. हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येते, तोंडाला वास येतो. मग हिरडी दातापासून सुटते आणि दोघांच्या मध्ये फट पडते. दंतवैद्य बारीक खुणा असलेली सळई घालून ती फट मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक समजतात. चार, पाच, सहा झाली की जंतू आत दडून बसतात, दाताखालचे हाड झिजत जाते आणि दात हलू लागतो. दुखत फारसे नाही, म्हणून माणूस येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

यावरचा मूळ उपचार म्हणजे सफाई. स्केलिंग करून किटण काढतात आणि दाताच्या मुळाचा भाग घासून स्वच्छ करतात. त्यानंतर घरी रोज नीट दात घासणे आणि ठरावीक दिवसांनी परत तपासायला येणे. ऐकायला साधे वाटते, पण पायरियाचा सगळा इलाज याच पायावर उभा आहे.

आता त्या निळ्या रंगाकडे येऊ. ही कल्पना नवी नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहरात ऑस्कर राब नावाचा वैद्यकाचा एक विद्यार्थी पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर ॲक्रिडिन नावाच्या रंगाचा परिणाम पाहत होता. त्याच्या लक्षात आले की तोच रंग, तेवढाच रंग घातलेले जीव अंधारात तग धरतात आणि उजेडात मरतात. हे त्याने १९०० साली प्रसिद्ध केले. त्याचे प्राध्यापक हेर्मान फॉन टापायनर यांनी पुढे दाखवले की या क्रियेला प्राणवायूही लागतो. म्हणजे रंग, उजेड आणि प्राणवायू एकत्र आले तरच काम होते.

हिरडीच्या उपचारात बहुधा मिथिलीन ब्ल्यू किंवा त्याच्या जातीचा टोलुइडिन ब्ल्यू हा रंग वापरतात. मिथिलीन ब्ल्यू १८७६ साली कापड रंगवण्यासाठी तयार झाला. १८९१ साली पाउल एअरलिश यांनी तो हिवतापाच्या रोग्यांवर वापरून पाहिला. निळा रंग निळा दिसतो, कारण तो तांबडा उजेड पिऊन घेतो. म्हणून दंतवैद्य आधी फटीत रंग सोडतात आणि थोडा वेळ थांबतात. तेवढ्यात रंग जंतूंना चिकटतो. जास्तीचा रंग पाण्याने धुतात. मग केसासारख्या बारीक टोकातून तांबडा लेझर उजेड आत सोडतात. एका जागेला काही सेकंद ते साधारण मिनिटभर लागते. रंगाने पिऊन घेतलेली शक्ती जवळच्या प्राणवायूला मिळते, आणि तो प्राणवायू क्षणभर इतका तिखट होतो की शेजारच्या जंतूचे कवच फोडतो. त्याचा जोर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या अंतरापलीकडे जात नाही. म्हणून रंग जिथे चिकटला तिथेच मारा होतो. तो जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतो, त्यामुळे प्रतिजैविक गोळ्यांची जशी जंतूंना सवय होते, तशी याची सहजी होत नाही. ही त्याची खरी जमेची बाजू आहे, आणि ती मी नाकारत नाही.

पण ह्याच माहितीत त्याची मर्यादाही आहे. उजेड दगडातून जात नाही. किटणाचा थर तसाच ठेवून त्यावर रंग घातला, तर रंग वरवर बसतो आणि उजेड तिथेच अडतो. फटीत रक्त साठले असेल तर तेही उजेड अडवते. आणि आज जंतू मेले, तरी उद्या दात घासले नाहीत तर थर पुन्हा बसतोच. म्हणून जगभर याचा अभ्यास मुख्यतः "सफाईबरोबरचा जोड उपचार" म्हणून झाला आहे. सफाईच्या जागी तो वापरावा असे कोणीही शहाणा दंतवैद्य सांगत नाही.

जोड म्हणून तरी किती फायदा होतो? याचे उत्तर तज्ज्ञांमध्येही एकसारखे नाही. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०१५ साली मार्गदर्शन काढले. त्यांच्या हिशेबात नुसत्या सफाईने हिरडीची दातावरची पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते, आणि या रंग-उजेडाची जोड दिली तर आणखी साधारण तेवढीच. तरीही त्यांनी त्याची शिफारस दुबळीच ठेवली. पाच वर्षांनी, २०२० साली, युरोपच्या हिरडी-तज्ज्ञांच्या संघटनेने सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि पायरियाच्या रोग्यांना ही जोड न देण्याचा सल्ला दिला. २०२४ साली कोक्रेन या संस्थेने पुन्हा आढावा घेतला. त्यांनी म्हटले की पुराव्यांची खात्री फार कमी आहे आणि जो फरक दिसतो तो रोग्याला जाणवण्याइतका मोठा नाही.

बंधू-भगिनींनो, याचा अर्थ शहरातल्या त्या दंतवैद्यांनी आपल्या मुलाला फसवले, असा नाही. सफाई नीट झाल्यावर एखादी खोल फट उरते, शस्त्रक्रिया टाळायची असते, गोळ्या पुन्हा पुन्हा द्यायच्या नसतात. अशा वेळी जाणकार दंतवैद्य ती जोड देऊ शकतात. खुर्ची आहे, वीज आहे, रोगी तीन महिन्यांनी परत येणार आहे. तिथे तो निर्णय त्यांचा आणि रोग्याचा आहे. माझा प्रश्न आपल्या पाड्याचा आहे.

मागच्या शिबिरात एक काकू आल्या होत्या. खालचे दोन दात हलत होते. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची सवय होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांच्या मते ते दंतमंजन होते. रांगेत कोणीतरी शहरातल्या त्या उजेडाची गोष्ट काढली. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, तो उजेड लावला की मग मिश्री सोडायला नको ना?"

भगिनींनो, त्या एका प्रश्नाने मी थांबले. यंत्र घेऊन आपण पाड्यावर गेलो असतो, तर आपण न बोलताही लोकांनी हेच ऐकले असते. त्यांनी उजेड पाहिला असता, फोटो काढले असते आणि संध्याकाळी पुन्हा मिश्री लावली असती. आपल्या वार्तापत्रात तो फोटो छान दिसला असता. काकूंचे दात मात्र गेलेच असते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या देशातल्या काही आदिवासी समाजांत जी६पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते. अशा माणसाच्या शरीरात मिथिलीन ब्ल्यू औषध म्हणून गेले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. हिरडीत रंग अगदी थोडा घालतात आणि धुऊनही टाकतात, म्हणून भीती मोठी नाही. तरीही आधी विचारल्याशिवाय, घरात कोणाला असा त्रास झाला होता का हे जाणून घेतल्याशिवाय, शिबिराच्या गर्दीत तो वापरणे मला बरोबर वाटत नाही. नवी वस्तू गरिबांकडे नेताना आपण जास्त सावध असले पाहिजे, कारण ते आपल्याला उलट विचारत नाहीत.

मग त्या कुटुंबाला मी काय कळवले? मी म्हटले, तुमची इच्छा चांगली आहे, ती मोडू नका, फक्त तिची दिशा बदला. आमच्या शिबिराला स्केलिंगचे एकच यंत्र येते आणि वीज गेली की तेही थांबते. हाताने किटण काढायची अवजारे अपुरी आहेत, ती निर्जंतुक करायला वेळ जातो आणि रांग थांबते. शिबिर वर्षातून एकदा होते. पायरियाच्या रोग्याला तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहायला हवे. ज्यांची शुगर वाढलेली आहे, त्यांची हिरडी लवकर बिघडते, आणि बिघडलेली हिरडी शुगरलाही आवरू देत नाही. म्हणून दाताच्या रांगेतच शुगर तपासायची सोय हवी. आणि पाड्यावरचीच एखादी मुलगी शिकवून तयार करायला हवी, जी घरोघरी जाऊन मिश्रीबद्दल बोलेल, दात कसे घासायचे ते दाखवेल. माझ्यासारखी बाहेरून आलेली बाई एकदा सांगून जाते. शेजारची पोरगी रोज दिसते.

त्या कुटुंबाने दोन दिवस विचार केला. मग काकांचा फोन आला. म्हणाले, "यंत्राचा फोटो काढता आला असता, अवजारांचा काय काढणार?" मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "बरं, तुमचंच ऐकतो." त्या पैशातून अवजारांचे तीन संच घेतले आहेत आणि पुढच्या वर्षी शिबिर तीनदा घ्यायचे ठरले आहे.

उद्या पुरावे पक्के झाले, यंत्र स्वस्त झाले आणि सफाईची घडी पाड्यावर नीट बसली, तर हा उजेड घेऊन जायला मीच पहिली पुढे येईन. तेव्हा तो जोड म्हणूनच जाईल.

काकूंचे सांगायचे राहिले. त्यांची सफाई केली. एक दात काढावा लागला, एक राहिला. मिश्री पूर्ण सुटलेली नाही. संध्याकाळची बंद आहे, सकाळची लावतात. पुढच्या फेरीला त्यांना भेटायचे आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि ज्यांच्या घरात आई-आजी अजून मिश्री लावतात, त्यांनी आज घरी गेल्यावर मायेने विषय काढा. हे काम पाड्यावरच आहे असे समजू नका.

देव तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.