समाजमाध्यमे : हातातील दवंडी

(ग्रामस्थ व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



पूर्वी सरकारी हुकूम गावाला दवंडीने कळत असे. दवंडी देणारा कोण, त्याला कोणी पाठविले, हे सर्वांस ठाऊक असे. चूक झाल्यास त्याला जाब विचारता येत असे. आज व्हॉट्सॲप आणि फेसबुक यांच्या रूपाने ती दवंडी प्रत्येकाच्या हाती आली आहे. परंतु ती देणारा मात्र दिसेनासा झाला आहे.

या साधनाची उपयुक्तता वादातीत आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. त्याविषयीचे इशारे हवामान खात्याने आगाऊ प्रसृत केले होते. असा इशारा आज क्षणार्धात घरोघर पोहोचू शकतो. मात्र त्याचा अर्थ कळावयास हवा. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तत्काळ कृती करा.

परंतु हेच साधन घातही करते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या काळी मोबाईलवरून सर्वत्र फिरत होत्या. मृत्यू त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत गाठता झाला, ही गोष्ट आपण पंचायतीत बसणाऱ्यांनी कधीही विसरू नये.

माझी स्वतःची चूकही सांगतो. एका पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुटी’ असा निरोप मला आला आणि मी तो विचार न करता पुढे पाठविला. परिपत्रक खरे होते, पण आदल्या वर्षीचे! काही मुले त्या दिवशी घरीच राहिली. प्रसिद्धीचे काम करणाऱ्या माणसाची ही गत, तर इतरांस काय दोष द्यावा? मोबाईलवरील ‘उद्या’ कधीच संपत नाही, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

तेव्हापासून मी प्रत्येक निरोपास तीन प्रश्न विचारतो. हे मुळात कोणी सांगितले? केव्हा सांगितले? आणि ते आपल्या गावाला लागू आहे काय? व्हॉट्सॲपवर निरोपाच्या माथ्यावर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून आला आहे असे समजावे. तिन्ही उत्तरे मिळेपर्यंत तो पुढे पाठवू नये. बँकेचा गुप्त क्रमांक मागणाऱ्यास तर उत्तरच देऊ नये. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

पंचायतीने गावासाठी एक गट करावा आणि त्यात फक्त सचिवांनीच सूचना टाकाव्यात. तशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. तीच सूचना फलकावरही लावावी, कारण प्रत्येक घरी असा मोबाईल नसतो. शिक्षकांनी हे तीन प्रश्न मुलांना शिकवावेत. मुले ते घरी वडीलधाऱ्यांना विचारतील. शिवाय तौक्तेच्या वेळी गावोगाव वीज गेली होती, हे ध्यानी ठेवून घरात सेलवर चालणारा एक रेडिओ असू द्यावा.

मित्रहो, दवंडी आता आपल्याच हाती आहे. ती देण्यापूर्वी आपण क्षणभर थांबलो, तरी एखाद्याचे प्राण वाचतील. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.