फळ्यावरचा प्रश्न
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



लिफ्टजवळच्या फळ्यावर रोज सकाळी सामान्यज्ञानाचा एक प्रश्न लिहायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी, हा आपला जुना नेम. आता सूचना आली आहे, की फळा काढावा आणि प्रश्न व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावा. हेतू चांगलाच आहे, पण मला काही ते पटत नाही. का, ते सांगतो.

मध्यंतरी प्रश्न होता, महाराष्ट्रात जिल्हे किती? सोपा वाटला ना? बी विंगमधल्या एकाच घरात चार उत्तरं निघाली. आजी म्हणाल्या २६, त्यांच्या सूनबाई ३०, कॉलेजातला नातू ३५ आणि चौथीतली नात ३६. गंमत म्हणजे प्रत्येकाने शाळेत बरोबरच पाठ केलं होतं! १९६० साली राज्य झालं तेव्हा जिल्हे २६. १९८१ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ला लातूर आणि गडचिरोली, झाले ३०. १९९०ला मुंबई उपनगर वेगळा निघाला. १९९८ला नंदुरबार, वाशिम, पुढच्या वर्षी हिंगोली, गोंदिया. शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४चा.

आजींचं माहेर सावंतवाडीचं. त्या नातीला म्हणाल्या, "अगं, माझ्या लहानपणी आमचा जिल्हा रत्नागिरी!" मग जिल्ह्याच्या कचेरीत काम निघालं की केवढी यातायात व्हायची, ते सुरू झालं. चार-पाच घरची माणसं ऐकत उभी. लिफ्ट आपली रिकामीच वर-खाली.

हाच प्रश्न ग्रुपवर पडला असता तर दोन मिनिटांत कुणीतरी मोबाइलमध्ये बघून '३६' टाकलं असतं, त्यावर पाच अंगठे, आणि विषय संपला. आजी तर ग्रुपवर नाहीतच.

तेव्हा फळा राहू द्या, ही विनंती. खडू मात्र आता मुलांनी हातात घ्यावा. अक्षर वळणदारच हवं असं नाही. उत्तर दोन ठिकाणी ताडून बघायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणालाही सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही!

तर आजचा प्रश्न. राज्य-फुलपाखरू जाहीर करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, साल २०१५. ते फुलपाखरू कोणतं? एक खूण देतो. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. मोबाइल काढण्याआधी कंपाउंडजवळचं आपलं लिंबाचं झाड बघून या. उत्तर उद्या सकाळी, फळ्यावर.