पाठीवरचें चाक

मोटारीच्या जादा चाकाला आपल्याकडे ‘स्टेपनी’ म्हणतात. हा शब्द कोठून आला असेल याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो एका रस्त्याच्या नांवावरून आलेला आहे. वेल्स प्रांतांत लॅनेली नांवाचें गांव आहे. तेथील स्टेपनी स्ट्रीटवर थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या दोघां भावांचा व्यवसाय होता. त्या काळच्या मोटारीचें चाक आंसावरून सहज निघत नसे. रस्त्यांत टायर फुटला, तर तो जागच्या जागीं सोडवून, ठिगळ लावून पुन्हां हवा भरावयाची, असा अर्ध्या दिवसाचा उद्योग होऊन बसे. १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनीं आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरची एक धाव तयार केली. ती फुटलेल्या चाकाला बाजूनें आंकडे लावून अडकविली, कीं गाडी घरीं पोंचत असे. ती धाव केव्हांच नाहींशी झाली, इंग्लंडांतील सामान्य माणूसहि तें नांव विसरला. आमच्या चालकांनीं मात्र तें अद्याप जतन करून ठेविलें आहे.

चाक जादा न्यावयाचें हें ठरलें, तरी तें गाडीवर ठेवावयाचें कोठें, हा प्रश्न तेव्हांपासून आजपर्यंत सुटलेला नाहीं. आणि जीपच्या बाबतींत तर तो विशेषच अवघड आहे. दुसऱ्या महायुद्धासाठीं १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनीं ज्या लष्करी जीपा बांधल्या, त्यांत जादा चाक मागील पत्र्यावर उजव्या अंगास लटकविलेलें असे, व डाव्या अंगास पेट्रोलचा डबा. त्या गाडीला मागें दार नव्हतेंच, त्यामुळें अडचण कसली ती नव्हती. १९४५ सालीं विलीजनें शेतकऱ्यांसाठीं सी. जे. २ ए ही मुलकी जीप काढली. शेतकऱ्याला मागून पोतीं चढवावयाचीं, म्हणून मागें उघडणारी फळी आली. फळी येतांच चाक तेथून उठलें आणि गाडीच्या कुशीला जाऊन बसलें. पुढें रँग्लर या नांवाच्या जीपमध्यें ही तडजोड मोडून, आडवें उघडणारें दार ठेवून, त्याच्याच पाठीवर चाक चढविण्यांत आलें. एका बिजागरीवर दोघांचा संसार सुरू झाला, तो असा.

साध्या सडकेवर हा संसार सुखानें चालतो. किंबहुना सडकेवरच्या गाड्यांना आतां स्टेपनीची गरजहि कमी होत चालली आहे. २०२० सालीं भारत सरकारनें नियमांत बदल करून, बिनट्यूबचे टायर, हवेचा दाब दाखविणारें यंत्र आणि दुरुस्तीचें साहित्य असलेल्या प्रवासी मोटारींना जादा चाकाच्या सक्तींतून मोकळें केलें. परंतु खडकाळ वाटेवर टायर खिळ्यानें फुटत नाहीं. धारदार दगडानें त्याची कूस फाटते, आणि फाटलेल्या कुशीवर कोणतेंहि ठिगळ टिकत नाहीं. कॅलिफोर्नियांत रुबिकॉन नांवाची प्रसिद्ध खडतर वाट आहे. तिच्यावरून १९५३ पासून जीपवाल्यांचा मेळा दरसाल जातो. यूटा संस्थानांतील मोआब गांवीं ईस्टरच्या सणांत असाच मेळा १९६७ पासून भरतो. अशा ठिकाणीं पूर्ण मापाचें जादा चाक नसेल, तर गाडी तेथेंच सोडून पायीं परत यावें लागेल.

याच मंडळींची दुसरी आवड मोठ्या टायरांची. दगडावरून गाडीचें पोट वर उचललें जावें म्हणून ते कारखान्याचीं चाकें काढून अधिक मोठीं बसवितात. चार चाकें मोठीं झालीं, कीं पांचवेंहि तेवढेंच मोठें हवें, आणि तें जावयाचें कोठें? दाराच्या पाठीवर. २००७ पासून निघालेल्या रँग्लरच्या सर्वांत मजबूत प्रकारांत कारखान्याचा टायर सुमारें ३२ इंच व्यासाचा असे. टायर व धातूचें चाक मिळून तीस-पस्तीस किलो. पस्तीस इंचांचें चाक चाळीस-पंचेचाळीस किलोंवर जातें. दहा किलोंचाच फरक, असें कोणीहि म्हणेल. पण मोठा टायर रुंदहि असतो, त्यामुळें त्याचा मध्य दारापासून अधिक मागें जातो. पाण्यानें भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई कोसभर चालते. तीच घागर हात लांब करून धरावयास सांगितली, तर चार पावलांत खांदा भरून येईल. बिजागरीची अवस्था त्या खांद्यासारखी होते. त्यांत गाडी खड्ड्यांत आदळली, कीं त्या क्षणीं तेंच ओझें दुप्पट-तिप्पट झाल्यासारखें ओढ घेतें. प्रथम दार खडखडूं लागतें, मग लावतांना उचलून लावावें लागतें, आणि शेवटीं बिजागरीभोंवतींच्या पत्र्याला बारीक भेगा दिसूं लागतात. या गाड्या बाळगणाऱ्यांस हा क्रम तोंडपाठ आहे.

यावर उपाय म्हणून तिकडील लहानमोठे कारखाने जाड पोलादी पत्र्याचा मागील बंपर आणि त्यावर चाकासाठीं फिरता हात अशी जोडी विकतात. कल्पना सरळ आहे. दाराचें ओझें दारावरून काढावयाचें, आणि जी वस्तु ओझें वाहण्यासाठींच घडविलेली आहे तिच्यावर, म्हणजे गाडीच्या बुडाच्या पोलादी चौकटीवर, चासीवर, तें सोंपवावयाचें. बंपर चासीच्या मागील टोंकाला बोल्टांनीं आवळलेला असतो. त्याच्या एका कोपऱ्यांत उभा खुंटा असतो. खुंट्याभोंवतीं हात फिरतो, आणि हाताच्या मध्यावर चाक बसतें. आधीं हात बाजूला करावयाचा, मग दार उघडावयाचें. कांहीं कारखाने दोहोंस एक दांडी जोडून देतात, म्हणजे दार ओढलें कीं हातहि बरोबर येतो.

साऱ्या खटाटोपाचें मर्म त्या खुंट्यांत आहे. चांगल्या बनावटींत त्यावर निमुळत्या रूळांचीं दोन बेअरिंगें, एक वर आणि एक खालीं, अशीं बसविलेलीं असतात. मालाची जोडगाडी ज्या प्रकारच्या बेअरिंगांवर फिरते तीच हीं. तीं आडवा आणि उभा असा दोन्ही भार घेतात, आणि सैल झालीं तर वरचा नट थोडा पिळून पुन्हां घट्ट करतां येतात. स्वस्त बनावटींत नुसती नळी नळींत फिरते. अशी नळी पहिल्या वर्षीं उत्तम चालते. मग तींत धूळ शिरते, ती झिजते, हाताचें टोंक खालीं येतें आणि कडी जुळेनाशी होते. दाराच्या बिजागरीचा रोग तेवढा बंपरच्या कोपऱ्यांत नेऊन ठेविला, असें मग म्हणावें लागतें. विकत घेणारा बहुधा रंग आणि आकार पाहतो. खुंटा उघडून पाहणारा विरळा.

खुंट्यानंतर कडी. हात बंद असतांना त्याचें टोंक नुसतें अडकून भागत नाहीं. तें रबरी गादीवर दाबून आवळलें गेलें पाहिजे, नाहींतर प्रत्येक धक्क्याला तें किंचित् हलेल आणि तें हलणें खुंट्याला खाईल. हात उघडा असतांना त्याला थोपवून धरणारी खीळहि तितकीच आवश्यक आहे. उतारावर उभ्या असलेल्या गाडींतून सामान काढण्यासाठीं माणूस वांकलेला असतो, आणि पंचेचाळीस किलोंचें चाक लावलेला तो लांब हात आपल्याच भारानें बंद होऊं पाहतो. बोटें चेंगरण्यास, किंवा डोकें फुटण्यास, एवढें पुरे आहे.

बसविण्याचें काम घरच्या आवारांत एका दिवसांत होण्याजोगें आहे. मात्र माणसें दोन हवींत, कारण बंपर व हात मिळून साठ-सत्तर किलो, कधीं त्याहूनहि अधिक भरतात. प्रथम दारावरचें चाक आणि त्याची बैठक काढावयाची. मग कारखान्याचा बंपर. जुने बोल्ट गंजलेले असतात, त्यांवर आदल्या दिवशीं तेल सोडून ठेविलें तर ते तुटत नाहींत. नवा बंपर जॅकवर उचलून चासीच्या भोंकांशीं जुळवितात, सर्व बोल्ट हातानेंच सैल अडकवितात, दोन्ही बाजूंचें अंतर मोजून बंपर सरळ करितात, आणि मगच पान्यानें आवळतात. एक बोल्ट आधीं घट्ट करून टाकला, तर बाकीचीं भोंकें जुळत नाहींत; मग कोणीतरी भोंक मोठें करावयास काढतो. तें करूं नये. कोठें भोंक पाडणें भागच असेल, तर उघड्या पडलेल्या पोलादाला त्याच वेळीं रंग द्यावा. यानंतर हात खुंट्यावर चढवून ग्रीस भरावयाचें. कडी मात्र चाक टांगल्यावरच जुळवावी. रिकाम्या हातावर जुळविलेली कडी चाक चढतांच चुकते, कारण भारानें हात थोडा तरी वांकतोच. पहिले शंभर-दीडशें किलोमीटर झाल्यावर सारे बोल्ट पुन्हां एकदां पाहावे लागतात. नवा रंग बोल्टाखालीं दबतो आणि घट्ट वाटणारा नट सैल पडतो.

मागचा दिवा हें अनेकांच्या ध्यानांत न येणारें काम. रँग्लरचा मधला, तिसरा ब्रेकचा दिवा जादा चाकाच्या वर बसविलेला असतो. चाकाची जागा बदलली, कीं तो एकतर झांकला जातो, किंवा त्याची बैठकच जाते. गाडीच्या नंबराची पाटी आणि २०१८ च्या नव्या रँग्लरपासून चाकाच्या मध्यावर बसविलेला मागचें दृश्य दाखविणारा कॅमेरा, यांचेंहि तेंच. दिव्याची तार नव्या हातावरून खुंट्याजवळ थोडी सैल ठेवून न्यावी लागते, नाहींतर हात उघडतांना ती तुटते. अंधारांत मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला पुढचा ब्रेक दिसला नाहीं, तर तुमचें चाक किती मजबूत टांगलें आहे याचें त्याला काय!

या पोलादी थाटाची किंमत पैशांतच मोजून चालत नाहीं. २००७ पासून निघालेल्या चार दारांच्या रँग्लरच्या दोन आंसांमध्यें २.९५ मीटर अंतर होतें. मागील आंसाच्या एक मीटर मागें १०० किलो नवें ओझें टांगलें, तर मागील आंसावर १०० नव्हे, सुमारें १३४ किलो वाढतात. वरचे ३४ पुढील आंसावरून उचलले जातात. गाडीचें नाक तेवढें हलकें होतें, चढावर पुढील चाकांची पकड कमी होते, मागील स्प्रिंगा बसतात. दोन दारांच्या गाडींत अंतर कमी, म्हणून परिणाम आणखी मोठा. शिवाय कारखान्याचा बंपर मागून धक्का बसला असतां स्वतः मोडून धक्का थोडा गिळतो. जाड पोलादी बंपर मोडत नाहीं, तो धक्का तसाच चासीकडे पोंचवितो. उलट बाजूस, नवा बंपर आंखूड व वरच्या बाजूस कापलेला असला, तर दगडावरून उतरतांना गाडीचें बूड टेकत नाहीं, आणि त्याच्या जाड कड्यांत दोर अडकवून चिखलांतली गाडी ओढून काढतां येते. दगडांत वर्षांतून दोन वेळां जाणाऱ्याला हा सौदा परवडत नाहीं. दर पंधरवड्याला जाणाऱ्याला परवडतो.

आपल्याकडे हा प्रश्न आतां परका राहिलेला नाहीं. १९४७ पासून महिंद्र कंपनीनें विलीजची जीप भारतांत जोडण्यास आरंभ केला, आणि तिच्याच वंशांतील थार ही गाडी २०२० च्या नव्या रूपांतहि स्टेपनी मागील दाराच्या पाठीवरच वागविते. सह्याद्रीच्या घाटवाटांनीं फिरणाऱ्या हौशी तरुणांना अमेरिकन बंपरांचीं चित्रें पाहून मोह होतो, तो समजण्यासारखा आहे. परंतु येथें कायदा निराळा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलापासून गाडी भिन्न होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. इंधन बदलण्यासारख्या कांहीं गोष्टींना तेवढी परवानगीची वाट आहे. २०१७ च्या डिसेंबरांत केंद्रीय परिवहन मंत्रालयानें क्रॅश गार्ड आणि बुल बार बसविणाऱ्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना लिहिलें, आणि २०१९ च्या जानेवारींत, केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेंहि कारखान्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार चालणार नाहीं असा निर्णय दिला. तेव्हां चित्र पाहून बंपर मागविण्यापूर्वीं परिवहन कचेरींत आणि विमा कंपनींत लेखी विचारणा करणें हें पहिलें काम. उत्तर येईपर्यंत थारवाल्यानें कारखान्याच्याच मापाचा टायर ठेवावा, महिन्यांतून एकदां स्टेपनीचे नट पान्यानें पाहावे, दार अर्धें उघडून त्याचें मोकळें टोंक हातानें वर उचलून पाहावें, आणि तें खटकन् वर सरकलें, तर गाडी घाटांत नेण्याआधीं बिजागरी दुरुस्त करून घ्यावी.