आजच्यापुरती भाकर



कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाला व्याख्यानास बोलाविले म्हणजे तो वेतनवाढीवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही वेतनवाढीवर बोलणार नाही. मात्र मजुरीचा विषय अगदीच टळेल असे वचनही देत नाही. चालकांनी आम्हांस विषय दिला तो असा, की आयुष्याचे ऋतू पालटत असता ख्रिस्ती माणूस आपली श्रद्धा रोजच्या रोज कशी जागती ठेवतो. आम्ही ख्रिस्ती नाही. वारकऱ्याच्या घरात जन्मलो, सातवीनंतर शाळा सुटली, आणि पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात. पण हा विषय आम्हांस एका माणसाने शिकविला. त्याचे देणे फेडावे म्हणून उभे राहिलो आहोत.

ऋतू म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. थंडीत लेणी पाहणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा डोलीवाल्याच्या खांद्याला विसावा नसतो. वैशाखात दगड तापला की रस्ता ओस पडतो. पावसाळ्यात वाघूर भरते, सातकुंडाचा धबधबा कोसळतो, पुन्हा चार माणसे येतात. आणि २०२० च्या मार्चमध्ये लेण्यांचे दार बंद झाले, तेव्हा तर पंचांगात नसलेलाच एक ऋतू आला. ज्या भिक्षूंनी ही लेणी वसविली त्यांचाही नेम ऋतूचाच होता. एरवी फिरायचे, पावसाळ्यात एका जागी वर्षावास करायचा.

बायबलात ‘उपदेशक’ नावाचे एक पुस्तक आहे. जगात प्रत्येक गोष्टीला तिचा समय नेमलेला असतो, असे त्यात एक प्रसिद्ध प्रकरण आहे. ते फार सुंदर आहे. पण समय असतो हे कळल्याने पोट भरत नाही. वाईट समय येऊन दारात बसला, त्या सकाळी उठून करायचे काय, हा खरा प्रश्न.

वाळूजच्या एका कारखान्यात आमची युनियन होती. तेथे संप झाला. सहाव्या आठवड्यात तडजोडीचा प्रस्ताव आला, तो बरा होता. पण आणखी ताणले तर आणखी मिळेल असे आम्ही सभेत सांगितले, आणि लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवला. अकराव्या आठवड्यात संप मोडला. पुष्कळांना परत घेतले, काहींना घेतले नाही. न घेतलेल्यांत एक वयस्क फिटर होते. सारा कारखाना त्यांना मामा म्हणे. घराणे जालन्याकडचे, ख्रिस्ती. जालन्याजवळ गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनी बेथेल नावाची वसाहत वसविली होती. त्या बाजूला ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

संप मोडल्यावर आम्ही घराबाहेर पडणे सोडले. कोणत्या तोंडाने पडायचे? चौथ्या दिवशी सकाळी मामा आले. वाटले, जाब विचारतील. त्यांनी चहा मागितला. चहा पिऊन म्हणाले, “भाऊ, आजचं काय?” आम्ही म्हणालो, काही नाही. “मग चला, दोन पोरांच्या हिशेबाचे कागद कामगार आयुक्तांच्या कचेरीत द्यायचे आहेत, तेवढं करू.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उद्याचे ते कधी विचारीत नसत. असे ते दीड महिना आले. स्वतःची नोकरी आमच्या शब्दाने गेली, याचा उच्चार त्यांनी एकदाही केला नाही. तो त्यांनी केला असता तर आम्हांस सोपे गेले असते.

त्यांचा नेम आम्हांला तेव्हा कळला. पहाटे उठून बायबलातले एक पान वाचायचे, ‘उपासना संगीता’तले एखादे गीत गुणगुणायचे, घरच्यांची नावे घेऊन प्रार्थना करायची, मग कामाला लागायचे. पहिल्या पाळीला जाताना त्यांनी हे तीस वर्षे केले आणि पाळी सुटल्यावरही केले. आम्ही एकदा धीर करून विचारले, “मामा, रोज वाचून रोज बळ येतं का हो?” ते म्हणाले, “नाही. कितीदा नुसतीच अक्षरं दिसतात. पण जेवणाचं तरी काय, रोज चव कुठं लागते?”

त्यांनीच आम्हांस मान्नाची गोष्ट वाचायला दिली. मिसर देशातल्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात उपाशी पडले, तेव्हा रोज पहाटे जमिनीवर खाण्याजोगे काही पडू लागले. माणशी एक माप वेचायचे. कुणी लोभाने जास्त वेचले तरी मापात उरले नाही, कुणी थोडे वेचले तरी उणे पडले नाही. आणि उद्यासाठी लपवून ठेवले त्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, म्हणजे सातव्या दिवशी वेचायला जायला नको. आम्हांला हे वाचून नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले, आणि १८९० साली ती मिळाली. मान्नाची सुटी तर भरपगारी होती! असो.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही मागणे आहे ते एका दिवसाच्या भाकरीचे. शिवाय ती ‘मला’ दे असे नाही, ‘आम्हांला’ दे असे आहे. एकट्याने दार लावून म्हटली तरी ती प्रार्थना अनेकवचनीच राहते. युनियनवाल्याच्या हे चटकन लक्षात येते.

येथे तुम्ही विचाराल, की उद्याची चिंता करू नका असे सांगणारा धर्म तुम्ही कामगाराला कसा सांगता? भविष्यनिर्वाह निधीसाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी तुम्हीच तर भांडता! हा प्रश्न आम्ही मामांना घातला होता. त्यांनी योसेफाकडे बोट दाखविले. सुकाळाच्या सात वर्षांत योसेफाने धान्य साठविले म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर जगला. आणि ख्रिस्ताने सांगितलेल्या दृष्टान्तातला श्रीमंतही धान्य साठवितो, जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघतो, त्याला मात्र मूर्ख म्हटले आहे. साठविणे दोघांचे सारखेच. एकाचे कोठार सर्वांसाठी, दुसऱ्याचे स्वतःपुरते. निधी हे योसेफाचे कोठार आहे, तेव्हा तो जरूर भरा, आणि भरून झाल्यावर रात्री झोपा, असे मामांचे म्हणणे.

एका गोष्टीवरून मात्र आमचे खूप वाजले. द्राक्षमळ्याच्या धन्याने पहाटे काही मजूर लावले, मग नऊला, बाराला, तीनला आणि अगदी पाचला आणखी लावले. संध्याकाळी सर्वांना सारखीच, एका दिवसाची मजुरी दिली. पहाटेचे कुरकुरले. आम्हीही कुरकुरलो, बारा तास राबणारा आणि एक तास राबणारा यांना सारखे दाम, ही कसली वाटणी? मामा म्हणाले, “पाचला लावलेले दिवसभर कुठं होते ते वाचा.” ते नाक्यावरच उभे होते. कुणी कामावर घेतले नाही, एवढेच त्यांचे उत्तर आहे. शहागंजात किंवा कोणत्याही गावच्या मजूर अड्ड्यावर दहानंतर जाऊन पाहा. निवडून न घेतलेली माणसे तेथे असतात, बहुधा वय झालेली. त्यांच्या घरची चूल एका तासाच्या मजुरीवर पेटत नाही. हे आम्हांस पटले. तरीही ‘माझे पैसे मी हवे तसे देईन’ हे त्या धन्याचे वाक्य आम्हांस आजतागायत पटलेले नाही. आम्ही ते फार मालकांच्या तोंडून ऐकले आहे. मामा हसून म्हणत, तेवढा वाद राहू द्या.

महाराष्ट्रात या श्रद्धेची रोजनिशी कुणी लिहिली असेल तर ती लक्ष्मीबाई टिळकांनी. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि ह्या बाईंचे जग एका दिवसात उलटले. लहान मूल पदरी, नवरा जिवंत असून दुरावलेला, सोवळेओवळे रक्तात मुरलेले. त्यांनी नवऱ्याचा धर्म दुसऱ्या दिवशी उचलला नाही. पाच वर्षे गेली, रडण्यात, भांडण्यात, स्वतःच्या मनाशी हुज्जत घालण्यात. मग १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा केली. १९१९ साली टिळक गेले, त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते ह्या बाईंनी उतारवयात पुढे नेले. शाळेचा उंबरा न ओलांडलेली बाई ती. आम्हां शाळाबाह्य मंडळींना तिचा अभिमान वाटतो. आणि सारे पुस्तक वाचून पाहा, आपण फार श्रद्धाळू आहोत असा आव तिने आणलेला नाही. उलट स्वतःच्या फजितीवर ती पोट धरून हसते.

मामा आता ऐंशीच्या पुढे गेले. मामी चार वर्षांपूर्वी गेल्या. डोळ्यांनी अक्षर दिसत नाही. नातवाने मोबाईलवर बायबल ऐकण्याची सोय करून दिली, पण त्यांना तो आवाज मानवत नाही. म्हणतात, फार न अडखळता वाचतो. म्हणून रविवारी आम्ही जातो आणि वाचून दाखवितो. आम्ही पुष्कळ अडखळतो. एखादी ओळ गाळली तर ते डोळे मिटल्या मिटल्या बोट वर करतात, आम्ही मागे जाऊन ती ओळ पुन्हा वाचतो. मग चहा येतो आणि ते विचारतात, “आजचं काय?”

उद्या रविवार आहे. सिल्लोडवरून पहाटेची एस.टी. मिळाली तर आम्ही नऊपर्यंत त्यांच्याकडे पोचू.