संक्रांतीचे पाकीट

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील डिसेंबरच्या मासिक सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कात्री, खळ आणि पाकीट यांविषयी बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा कार्यकारिणीची विषय निवडण्यात काही गफलत तर झाली नाही ना, अशी शंका आम्हांला क्षणभर आली. नाट्य, संगीत, साहित्य यांच्या पंक्तीला पाकिटाने कोठे पाट मांडावा? परंतु डिसेंबरच्या एका रविवारी मुलांना जमवून त्यांच्याकडून संक्रांतीची शुभेच्छापत्रे करवून घेण्याचे काम आम्ही काहीजणी बरीच वर्षे करीत आलो आहोत आणि त्यात खाल्लेले टक्केटोणपे सांगण्याजोगे आहेत.

दिवाळीची भेटकार्डे पुष्कळ ठिकाणी जातात. पण शुभेच्छेबरोबर चार दाणे काटेरी हलवा पाकिटात घालून पाठविण्याची रीत ही आपली मराठी माणसांची. येथे जमशेदपुरात त्याच दिवसांत टुसूचा सण असतो, शेजारच्या बंगाली घरांत पिठे-पुली होतात. पण टपालाने गोड पाठविण्याची आपली हौस पाहून शेजारणींना अजूनही नवल वाटते.

ही हौस एकदा आम्हांला चांगलीच भोवली. प्रारंभीच्या एका वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही प्रत्येक पाकिटात मूठभर हलवा भरला. वजन करण्याचे कोणाच्या ध्यानीमनी आले नाही. पत्रे बेरंग झाली आणि कोकणातल्या, देशावरच्या आजी-आजोबांना कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट पैसे मोजून नातवंडांचा तिळगूळ सोडवून घ्यावा लागला. बरे, आत पाहावे तर हलव्याचे पीठ! टपालाचा शिक्का तिकिटावर बसतो, आणि आम्ही हलव्याची पुडी नेमकी तिकिटाखाली ठेवली होती. काहींनी हलव्याऐवजी तिळाची वडी घातली होती. तिचे तेल कागदाला लागून पत्ताच दिसेनासा झाला. दोष टपालाचा नव्हता, सर्वस्वी आमचा होता.

तेव्हापासून आम्ही हिशेब शिकलो. ए-४ आकाराचा साधा ८० ग्रॅमी कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो. २०० ग्रॅमी जाड कागदाचा अर्धा ए-४ तुकडा सव्वासहा ग्रॅम. म्हणजे कार्ड आणि पाकीट मिळून सुमारे ११ ग्रॅम झाले. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. बटरपेपरच्या चपट्या पुडीत हलव्याचे पाच-सहा दाणे, एकावर एक न येतील असे पसरून, कार्डाच्या आत डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात चिकटवावेत. तिकीट उजवीकडे वर असते.

आता कृती. जाड ए-४ कागद अर्धा कापला की दोन कार्डे निघतात. प्रत्येक तुकडा मध्यावर दुमडला की १४.८ बाय १०.५ सेंटिमीटरचे कार्ड तयार. दुमडण्यापूर्वी त्या जागी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढावी, म्हणजे घडी फाटत नाही. पाकिटासाठी साधा ए-४ कागद उभा धरावा. दोन्ही बाजूंना २.४ सेंटिमीटर सोडून उभ्या रेघा आखाव्यात, मध्ये १६.२ उरतात. खालून १० सेंटिमीटरवर एक आडवी रेघ, तिच्यावर ११.४ सेंटिमीटरवर दुसरी. मधला चौकोन हा पाकिटाचा दर्शनी भाग. बाजूच्या पट्ट्या फक्त या मधल्या चौकोनाला ठेवाव्यात, बाकीच्या कापाव्यात. त्या आत वळवून त्यांवर खळ लावावी आणि खालचा भाग वर दुमडून चिकटवावा. वरचा भाग पाच सेंटिमीटर ठेवला की झाकण होते. खळ मैद्याची, घट्टसर. पातळ झाली की कागद पापडासारखा वाकडा होतो. दप्तर बांधणारे खळीत मोरचूद घालीत, कसर लागू नये म्हणून. ते विषारी आहे. मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. खळ ताजीच करावी.

हातकागदाचा आग्रह काही सभासद धरतात. दौलताबादजवळचा कागजीपुरा आणि जुन्नर ही जुनी कागदाची गावे, पुण्याच्या हातकागद संस्थेची स्थापना १९४० सालची, तेव्हा हा अभिमान आम्हांलाही आहेच. पण अनुभव असा की, हातकागद कार्डाला शोभतो, पाकिटाला नाही. त्याच्या घड्या उलगडू पाहतात आणि ज्यावर पुरेशी खळ चढवलेली नसते त्यावर शाई फुटते. पत्त्याला हे परवडणारे नाही. उलट जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची कार्डे उत्तम होतात. त्या आम्हांला आणून द्याव्यात. (लग्न मोडले असले तरी चालेल!)

पत्ता मुलांनीच लिहावा. पिनकोड मात्र आम्ही स्वतः तपासतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी गृहस्थांची. आपला येथला पिन ८ ने सुरू होतो, महाराष्ट्राचे ४० ते ४४ यांनी.

राहिला मजकूर. आपली मुले शाळेत हिंदी लिहितात. घरी 'तिळगूळ' म्हणतात, पण लिहितात 'तिलगुल'. ओडिया शेजाऱ्यांच्या लिपीत ळ आहे. आपल्या मुलांच्या वहीत मात्र तो येत नाही. या एका शब्दात तो दोनदा लागतो. म्हणून रविवारची पहिली पंधरा मिनिटे आम्ही फक्त ळ गिरवून घेतो. मोबाइलवर तयार संदेश क्षणात पुढे धाडता येतो हे खरे, पण त्यात ळ दुसऱ्याच कोणीतरी काढलेला असतो.

आमच्यातील एकीच्या सासूबाई गावी वारल्या. घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत नातीची सगळी कार्डे सापडली, वर्षांच्या क्रमाने लावलेली. पहिल्या तीन कार्डांवर 'तिलगुल' होते, आणि प्रत्येक ल वर म्हातारीने पेन्सिलीने हलक्या हाताने ळ काढला होता. नातीला मात्र त्यांनी पत्रातून हे कधी कळविले नाही. चौथ्या कार्डावर पेन्सिल नव्हती.

यंदाचा रविवार २८ तारखेचा धरला आहे. पाकिटे ३० लाच टाकावीत. उशीर झालाच तर रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, घाबरू नये. कात्र्या घरून आणाव्यात, नावाची चिठ्ठी लावून, कारण गेल्या वर्षीच्या दोन अजून आमच्याकडेच आहेत. हलव्याचा डबा चिटणिसांच्या ताब्यात राहील. त्यांना मधुमेह आहे.