ओमदुर्मान : तलवारीनंतरची पाटी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



प्रवासातले काही सांगा, अशी चिटणीस साहेबांची सूचना आहे. प्रवास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मक्का-मदिना येते, नाहीतर दुबई-कुवेत. मी आज आपल्याला तांबड्या समुद्राच्या पलीकडे, आफ्रिकेतील सुदान देशात नेणार आहे. तिथे नाईल नदीच्या काठी ओमदुर्मान नावाचे शहर आहे. जानेवारी २०१४ मध्ये मी तिथे आठवडाभर होतो.

प्रथम जागा समजून घेऊ. इथियोपियाच्या डोंगरांतून निळी नाईल येते आणि दक्षिणेकडून पांढरी नाईल येते. दोघींचा संगम होतो तिथे तीन शहरे वसली आहेत. दोन नद्यांच्या बेचक्यात राजधानी खार्टूम, निळ्या नाईलपलीकडे उत्तर खार्टूम आणि पश्चिम काठावर ओमदुर्मान. संगमाच्या जागेला तिथे मुकरन म्हणतात. पुलावरून पाहिले तर एक पाणी दुधट आणि दुसरे गडद दिसते. काही अंतर दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी चालतात आणि मग एक होऊन मिसरकडे जातात.

खार्टूम हे सरकारी कचेऱ्यांचे आणि रुंद रस्त्यांचे शहर. ओमदुर्मानची तऱ्हा वेगळी. मातीच्या रंगाची बैठी घरे, उंच कुंपणभिंती, अरुंद गल्ल्या आणि मध्यभागी मोठा थोरला बाजार. या बाजारात कातडी जोडे, टोपल्या, मसाले, अत्तरे आणि डिंकाच्या राशी पाहिल्या. आपल्या बाभळीच्या जातीच्या झाडाचा हा डिंक सुदान साऱ्या जगाला पुरवतो. बायका आपल्या साडीसारखेच एक लांब वस्त्र अंगाभोवती लपेटतात, त्याला तोब म्हणतात. रस्त्याच्या कडेला ठेंगण्या स्टुलांवर गिऱ्हाइके बसलेली असतात आणि चहावाली बाई कोळशाच्या शेगडीवर चहा किंवा आले घातलेली कॉफी करून देते. शुक्रवारी संध्याकाळी हमद अन्-नील यांच्या दर्ग्यापाशी कादिरी सिलसिल्याचे दरवेश हिरव्या-तांबड्या झग्यांत ढोलाच्या ठेक्यावर जिक्र करतात. तो पाहायला सारे गाव लोटते.

हे शहर मोठे झाले ते महदीच्या काळात. मुहम्मद अहमद नावाच्या एका धर्मपुरुषाने स्वतःला महदी म्हणवून घेतले आणि तुर्की-मिसरी राजवटीविरुद्ध उठाव केला. २६ जानेवारी १८८५ रोजी त्याच्या सैन्याने खार्टूम घेतले. त्यात इंग्रज जनरल गॉर्डन मारला गेला. त्याच वर्षी जून महिन्यात महदीही वारला. त्याच्या मागून आलेल्या खलिफा अब्दुल्लाहीने ओमदुर्मानला राजधानी केले आणि महदीच्या कबरीवर उंच घुमट बांधला. समोरच १८८७ साली बांधलेले त्याचे राहते घर आहे. १९२८ पासून तिथे वस्तुसंग्रहालय झाले. ठिगळे लावलेले झगे, निशाणे आणि तलवारी मी तिथे पाहिल्या. ठिगळांचा झगा ही फकिरीची खूण. पुढे तो साऱ्या फौजेचा पोशाखच झाला.

२ सप्टेंबर १८९८ रोजी शहराच्या उत्तरेस करारीच्या मैदानावर जनरल किचनेरच्या इंग्रज-मिसरी फौजेशी लढाई झाली. खलिफाचे सुमारे ५०,००० लोक भाले, तलवारी आणि बंदुका घेऊन उघड्या मैदानावरून चालून गेले. समोर मशीनगन होत्या, नदीत तोफनौका होत्या. दुपारपर्यंत १०,००० हून अधिक सुदानी मरून पडले. किचनेरच्या बाजूचे मेले सुमारे ४८. विन्स्टन चर्चिल त्या दिवशी तरुण अधिकारी म्हणून मैदानावर होते. पुढे किचनेरच्या हुकमाने महदीची कबर उद्ध्वस्त करून अस्थी नाईलमध्ये टाकण्यात आल्या. खुद्द इंग्लंडमध्येही या कृत्याची निंदा झाली. आज दिसणारा घुमट महदीच्या मुलाने १९४७ साली पुन्हा उभा केलेला आहे.

मित्रहो, शौर्य कमी नव्हते. ईमान कमी नव्हते. मग कमी काय होते? हा प्रश्न मनात घेऊनच मी त्या घराबाहेर पडलो.

बाजारात एका कापडाच्या दुकानात मी हिंदुस्थानी आहे हे कळताच मालक उठून उभे राहिले आणि चक्क मराठीत म्हणाले, "कसं काय, बरं आहे ना?" मी थक्क झालो. गृहस्थ पुण्यात वाणिज्य शाखेत शिकून गेलेले. सुदानचे कितीतरी विद्यार्थी पुण्यात शिकून गेले आहेत. सुदानशी आपले नाते तसे जुनेच. १९५३ साली त्या देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक घेण्यासाठी आपले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन तिकडे गेले होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी केलेल्या त्यागाची आठवण म्हणून सुदानने दिलेल्या देणगीतून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत उभी राहिली. तिचे नावच सुदान ब्लॉक.

चहा झाल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "महदीचा घुमट पाहिलात, आता आमच्या म्हाताऱ्याची शाळा पाहा. माझी थोरली मुलगी तिथेच शिकते." तो म्हातारा म्हणजे शेख बाबिकर बद्री.

हा माणूस महदीचा सैनिक. करारीच्या लढाईतून तो जिवंत परतला. ज्याने आपले हजारो सोबती एका सकाळी पडलेले पाहिले, त्याने पुढचे आयुष्य सूड घेण्यात घालवले असते तर कोणी त्याला दोष दिला नसता. त्याने हातात पाटी घेतली. निळ्या नाईलच्या काठी रुफाआ या गावी त्याने आधी मुलांची शाळा काढली आणि मग मुलींची शाळा काढायचे ठरवले. इंग्रज सरकार कचरत होते, कारण लोक बिथरतील अशी त्यांना भीती. लोकांनाही ते रुचणारे नव्हते. अखेर स्वतःच्या घरात, स्वतःच्या जबाबदारीवर चालवावी, एवढी मुभा मिळाली. १९०७ साली शाळा सुरू झाली. पटावर मुली सतरा. त्यांतल्या नऊ त्याच्या स्वतःच्या घरच्या आणि आठ शेजाऱ्यांच्या.

हा हिशेब मी आपल्याला मुद्दाम सांगतो. पुढारी लोकांच्या मुलींबद्दल भाषणे करतात. या माणसाने आधी आपल्या घरच्या नऊ मुली बसवल्या, तेव्हा कुठे शेजाऱ्यांनी आठ पाठवल्या.

पुढे ही शाळा ओमदुर्मानला आली. तिचे नाव अहफाद, म्हणजे नातवंडे. बाबिकर बद्री १९५४ साली वारले. त्यांचे चिरंजीव युसुफ बद्री यांनी १९६६ साली मुलींचे महाविद्यालय काढले. त्या वेळी विद्यार्थिनी २३ आणि शिकवणारे तिघे. १९९५ साली त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मी गेलो तेव्हा फाटकातून तोब नेसलेल्या शेकडो मुली पुस्तके घेऊन येत-जात होत्या. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या फाटकाशी मिळाले.

आता दुःखाची गोष्ट सांगतो. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानचे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. आपल्या सरकारने 'ऑपरेशन कावेरी' राबवून सुमारे ३,८०० भारतीयांना परत आणले. ओमदुर्मानच्या गल्ल्यांत महिनोन्महिने लढाई चालली. तो बाजार जळाला, लुटला गेला. ओमदुर्मान अहलिया विद्यापीठातील सुदानविषयक ग्रंथांचा मोठा संग्रह आगीत गेला. अहफादच्या इमारतींचीही हानी झाली. मार्च २०२४ मध्ये जुने शहर लष्कराच्या ताब्यात आले. मे २०२५ मध्ये सारा राजधानी प्रांत मोकळा झाल्याचे लष्कराने जाहीर केले, पण देशाच्या पश्चिम भागात रक्तपात त्यानंतरही चालूच राहिला. या वेळी मारणारे आणि मरणारे एकाच देशाचे, एकाच कलम्याचे होते, हे अधिक लाजिरवाणे.

त्या कापडवाल्या गृहस्थांचे दुकान गेले. ते कुटुंबासह कैरोला गेले. तिथून त्यांचा निरोप आला, त्यात दुकानाबद्दल एकच ओळ होती. बाकी सारे धाकट्या मुलीबद्दल. अहफादने इंटरनेटवरून शिकवणे चालू ठेवले आहे, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती मोबाईल घेऊन तासाला बसते, वीज गेली की जिन्यात जाऊन बसते. भिंती पडल्या, पण शाळा पडली नाही, असे त्यांनी लिहिले होते.

पालकांनो, आपल्याकडे तोफा नाहीत, आगी नाहीत. तरीही दहावी झाली की काही मुलींची नावे पटावरून निघतात. कधी कॉलेज लांब असते, कधी लग्न ठरते, कधी "लोक काय म्हणतील" एवढेच कारण पुरते. या सभागृहात बसलेल्या प्रत्येक कुटुंबाने बाबिकर बद्रींचा हिशेब आपल्या घरी मांडावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या घरच्या नऊ आधी, शेजारच्या आठ मागून येतील. आपल्या संस्थेने येण्या-जाण्याची सोय आणि शिष्यवृत्ती यांसाठी निधी काढला, तर माझा वाटा मी आजच चिटणीसांकडे देतो.

ओमदुर्मानला पुन्हा शांतता लाभो आणि त्या मुली आपल्या फाटकातून पुन्हा आत जावोत, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.